चौकशीचा अहवाल हवाय? अर्ज, अपील आणि काळ्या पट्ट्या

मला मिळालेल्या अहवालात अभियंत्याचं नाव काळ्या मार्करने झाकलेलं होतं आणि वॉचमनचा मोबाइल नंबर उघडा होता. हा लेख लिहायला बसले त्याचं कारण एवढंच.

आमच्या भागातल्या एका सार्वजनिक अभ्यासिकेच्या छताचं प्लास्टर पावसाळ्यात रात्री साडेआठला खाली आलं. दोन मुलांना टाके पडले. त्यातला एक माझ्याकडे गणिताच्या शिकवणीला यायचा. चौकशी समिती नेमली गेली, बातमी आली, अहवाल सादर झाल्याचीही बातमी आली आणि मग सगळं थंड झालं. अहवालात काय आहे ते कोणालाच माहीत नाही. माहिती अधिकार कायद्याखाली (आरटीआय) अर्ज करून तो हातात पडेपर्यंत मी जे ठेचकाळले, ते तुमच्या वाट्याला येऊ नये म्हणून पायरीपायरीने सांगते. कार्यालयाचं नाव घेत नाही, आणि त्याची गरजही नाही. थोड्याफार फरकाने सगळीकडे हेच चालतं.

ठाणे जिल्ह्याला चौकशी अहवालांची वाट पाहण्याची सवयच आहे. डोंबिवली एमआयडीसीत २६ मे २०१६ ला प्रोबेस कंपनीत स्फोट झाला, १२ जणांचा जीव गेला, जिल्हाधिकाऱ्यांच्या अध्यक्षतेखाली समिती बसली. आठ वर्षांनी, २३ मे २०२४ ला, त्याच एमआयडीसीत अमुदान कंपनीत स्फोट झाला तेव्हा लोकांनी पहिला प्रश्न विचारला तो हाच: आधीच्या अहवालाचं काय झालं? एप्रिल २०२३ मध्ये शेजारच्या रायगड जिल्ह्यात, खारघरला पुरस्कार सोहळ्यात उष्माघाताने १४ जण गेले, एका अपर मुख्य सचिवांची एकसदस्यीय समिती नेमली गेली. त्याच वर्षी ऑगस्टमध्ये कळव्याच्या रुग्णालयात एका दिवसात १८ रुग्ण दगावले, तिथेही समिती. समिती नेमल्याची बातमी पहिल्या पानावर येते. अहवाल मात्र आपल्यालाच मागावा लागतो.

१. आधी शोधा: चौकशी कोणत्या जातीची आहे?

ही पायरी मी गाळली आणि दीड महिना वाया घालवला. 'चौकशी' हा एकच शब्द आपण चार वेगळ्या गोष्टींसाठी वापरतो.

चौकशी आयोग: हा १९५२ च्या चौकशी आयोग कायद्याखाली नेमला जातो, बहुतेक वेळा निवृत्त न्यायमूर्ती अध्यक्ष असतात. अहवाल मिळाल्यापासून सहा महिन्यांत तो कार्यवाही अहवालासह (त्यावर सरकारने काय केलं ते सांगणारा कागद) विधिमंडळात ठेवावा, असं कलम ३(४) सांगतं. १९९२-९३ च्या मुंबई दंगलींवरच्या श्रीकृष्ण आयोगाचा अहवाल फेब्रुवारी १९९८ मध्ये सरकारला मिळाला आणि ऑगस्टमध्ये सभागृहात आला. विधिमंडळात ठेवण्याआधी मागाल, तर सभागृहाच्या विशेषाधिकाराचं कारण पुढे येतं. एकदा ठेवला की तो सगळ्यांचा.

प्रशासकीय समिती: आयुक्त, जिल्हाधिकारी किंवा मंत्रालयातला विभाग साध्या आदेशाने नेमतो. आपल्या आसपासच्या बहुतेक चौकश्या याच. अहवाल सभागृहात ठेवण्याचं बंधन नाही, म्हणून तो कपाटात राहतो. २६/११ नंतरची राम प्रधान समिती याच प्रकारातली. तो अहवाल सुरुवातीला गोपनीय म्हणूनच ठेवला होता. वृत्तपत्रांतून तो फुटला, आणि डिसेंबर २००९ मध्ये सभागृहात ठेवावा लागला.

विभागीय चौकशी: एखाद्या कर्मचाऱ्यावर त्याच्या नोकरीच्या नियमांखाली चालते. ही मिळवणं सगळ्यात अवघड.

पोलीस तपास: हा वेगळाच रस्ता. एफआयआर पोलिसांच्या संकेतस्थळावर बघायला मिळते (लैंगिक गुन्ह्यांसारखे संवेदनशील सोडून), बाकी कागद आरोपपत्रानंतर कोर्टातून.

तुमच्या घटनेत समिती कोणी नेमली, कोणत्या तारखेला, आदेश क्रमांक काय, एवढं आधी मिळवा. बातमीत बहुतेक वेळा 'चौकशीचे आदेश दिले' इतकंच असतं. मग पहिला अर्ज फक्त त्या आदेशाच्या प्रतीसाठी टाकायचा. दोन ओळींचा अर्ज, नाकारायला जागाच नाही, आणि त्या एका कागदावर अध्यक्ष, सदस्य, मुदत आणि अहवाल कोणाला सादर करायचा हे सगळं छापलेलं असतं.

२. जवळ काय ठेवायचं

- जोडपत्र 'अ' चा नमुना, म्हणजे माहिती अधिकाराच्या अर्जाचा ठरलेला फॉर्म (झेरॉक्सच्या दुकानात दोन रुपयांना मिळतो, साध्या कागदावर त्याच रकान्यांत लिहिला तरी चालतो)
- १० रुपयांचा कोर्ट फी स्टॅम्प. ठाण्यात कोर्ट नाक्यावर मिळतो. अपिलांसाठी २० रुपयांचे दोन आत्ताच घेऊन ठेवा, नंतर तेवढ्यासाठी खेटा पडतो.
- दारिद्र्यरेषेखालचं कार्ड असेल तर त्याची प्रत. मग शुल्क नाही.
- घटनेच्या बातमीचं कात्रण, समितीच्या आदेशाची प्रत
- एक दोनशे पानी वही. पहिल्या पानावर फक्त तारखा: अर्ज दिला, पोच मिळाली, उत्तर आलं, अपिलाची शेवटची तारीख.

वहीचं हसू येईल, पण माहिती अधिकारात माणूस कायद्यावर हरत नाही, तारखेवर हरतो.

एक सापळा इथेच. रेल्वे, टपाल, बंदर, केंद्राच्या मालकीची कंपनी यांच्याकडे अर्ज करायचा असेल तर महाराष्ट्राचा कोर्ट फी स्टॅम्प चालत नाही. तिथे १० रुपयांची पोस्टल ऑर्डर लावा किंवा केंद्राच्या वेगळ्या ऑनलाइन पोर्टलवर जा. म्हणजे मुंब्र्याजवळ लोकलमधून माणसं पडली याची रेल्वेने केलेली चौकशी हवी असेल तर महापालिकेच्या खिडकीवर जाऊन उपयोग नाही.

३. अर्ज कसा लिहायचा

महाराष्ट्राच्या नियमांत २०१२ पासून दोन बंधनं आहेत: एका अर्जात एकच विषय, आणि विनंती १५० शब्दांत. माझा पहिला अर्ज तीन पानी होता. त्यात 'प्लास्टर का पडले', 'जबाबदार कोण', 'त्यांच्यावर कारवाई का झाली नाही' असे अकरा प्रश्न होते. उत्तर आलं: 'सदर बाब माहितीच्या व्याख्येत बसत नाही.' चिडले, पण ते बरोबर होतं. 'का' ला उत्तर द्यायला माहिती अधिकारी (कार्यालयात अशा अर्जांना उत्तर द्यायला नेमलेला अधिकारी) बांधील नाही. त्याच्या दप्तरात जो कागद आहे तो द्यायला तो बांधील आहे. म्हणून प्रश्न विचारू नका, कागद मागा.

दुसऱ्या वेळी मी असं लिहिलं:

'१) चौकशी समिती नेमल्याच्या आदेशाची प्रत. २) समितीने सादर केलेल्या अंतिम अहवालाची सर्व परिशिष्टे, छायाचित्रे व तांत्रिक अभिप्रायांसह साक्षांकित प्रत. ३) अहवालावर झालेल्या कार्यवाहीच्या टिपण्या व आदेश यांच्या प्रती. ४) अहवालाचा काही भाग देता येत नसल्यास कलम १० नुसार तेवढाच भाग वगळून उरलेला अहवाल द्यावा, आणि वगळलेल्या प्रत्येक भागासमोर लागू असलेले कलम व कारण नमूद करावे.'

चौथी ओळ विसरू नका. तुमचा निम्मा खटला त्या ओळीत आहे. ती नसेल तर अधिकाऱ्यापुढे दोनच वाटा दिसतात, सगळं द्या किंवा काहीच देऊ नका, आणि त्यातली कोणती तो निवडेल हे मी सांगायला नको.

'सर्व परिशिष्टांसह' हेही मुद्दाम. नुसता 'अहवाल' मागितला तर निष्कर्षाची चार पानं मिळतात. खरी गंमत परिशिष्टांत असते: आधी केलेल्या तक्रारी, स्ट्रक्चरल ऑडिट, लोकांचे जबाब.

माहिती कशासाठी हवी हे सांगायची सक्ती नाही, कलम ६(२) तसं स्पष्ट म्हणतं. तरीही चौकशी अहवालाच्या बाबतीत सार्वजनिक हिताची एक ओळ लिहून ठेवावी असं माझं मत आहे. कारण पुढे येईल.

४. कुठे द्यायचा

ठाणे महापालिकेचं मुख्यालय पाचपाखाडीला, जिल्हाधिकारी कार्यालय कोर्ट नाक्याला, नवी मुंबई महापालिकेचं मुख्यालय आणि सिडको भवन दोन्ही बेलापूरला. पण एकाच इमारतीत प्रत्येक विभागाचा जन माहिती अधिकारी वेगळा असतो. खालच्या मजल्यावरच्या आवक खिडकीवर अर्ज द्या, पोचेवर गोल शिक्का, तारीख आणि आवक क्रमांक घ्या. 'ठेवून जा ताई, नंतर शिक्का मारतो' असं कोणी म्हणालं तर बाकड्यावर बसून राहा. चुकीच्या कार्यालयात अर्ज गेला तर कलम ६(३) प्रमाणे पाच दिवसांत तो योग्य ठिकाणी पाठवायची जबाबदारी त्यांची. 'आमच्याकडे नाही, मंत्रालयात विचारा' असं लिहून अर्ज परत करता येत नाही.

राज्य सरकारच्या ऑनलाइन पोर्टलवरूनही अर्ज होतो, शुल्क तिथेच भरता येतं. सोपं आहे. मला मात्र शिक्क्याचा कागद हातात असलेला बरा वाटतो.

५. उत्तर येतं तेव्हा

मुदत ३० दिवस. उत्तर आलं नाही तर तो नकार समजायचा आणि थेट पुढच्या पायरीला जायचं. स्मरणपत्रं पाठवत बसू नका. तेवढ्यात अपिलाची मुदत निघून जाते.

प्रतींचे पैसे भरायचं पत्र आलं तर आनंदाने भरा, पानाला दोन रुपये. माझ्या ४३ पानांचे ८६ झाले. पत्र निघाल्यापासून तुम्ही पैसे भरेपर्यंतचे दिवस मुदतीत धरत नाहीत. उलट ३० दिवस उलटल्यावर माहिती दिली तर कलम ७(६) नुसार ती फुकट.

नकार आला तर त्यात कोणतं कलम लिहिलंय ते पाहा. मला आणि ओळखीतल्या लोकांना आलेली उत्तरं साधारण अशी:

'अहवाल गोपनीय आहे.' हे कलमच नव्हे. फाइलवर लाल शिक्का असला म्हणून कागद माहिती अधिकाराबाहेर जात नाही. कलम ८ मधल्या कोणत्या खंडात बसतो ते सांगावं लागतं.

'चौकशी प्रलंबित आहे', म्हणजे कलम ८(१)(ज), कार्यालयात ज्याला 'आठ-एक-एच' म्हणतात. त्या खंडाची भाषा नीट वाचा: माहिती दिल्याने तपासात, आरोपी पकडण्यात किंवा खटल्यात अडथळा येईल, अशी माहिती. तपास चालू असणं आणि अडथळा येणं या दोन गोष्टी आहेत. दिल्ली उच्च न्यायालयाने २००७ मध्ये भगत सिंग विरुद्ध मुख्य माहिती आयुक्त या प्रकरणात हेच सांगितलं, की अडथळा कसा येईल ते दाखवावं लागेल. अपिलात या निकालाचा एका ओळीत उल्लेख करा.

'वैयक्तिक माहिती', कलम ८(१)(ञ), म्हणजे 'आठ-एक-जे'. इथे जपून. गिरीश देशपांडे प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने २०१२ मध्ये कर्मचाऱ्याला दिलेल्या नोटिसा, ज्ञापनं (मेमो), शिक्षा ही वैयक्तिक माहिती ठरवली. तेव्हापासून हा निकाल प्रत्येक कार्यालयाच्या ड्रॉवरमध्ये तयार असतो. त्यात भर म्हणजे नोव्हेंबर २०२५ पासून वैयक्तिक डेटा संरक्षण कायद्याने हा खंडच बदलला. आधी 'सार्वजनिक कामाशी संबंध नसलेली' वैयक्तिक माहिती झाकता यायची, आता नुसतं 'वैयक्तिक माहिती' म्हटलं की पुरतं. मला हा बदल वाईट वाटतो. झाकणाऱ्याचं काम सोपं झालं. पण कलम ८(२) जागेवर आहे: झाकून होणाऱ्या रक्षणापेक्षा उघड करण्यातलं सार्वजनिक हित मोठं असेल तर माहिती देता येते. वर म्हटलेली ती एक ओळ इथे कामाला येते. शिवाय घटनेची चौकशी आणि एका माणसाच्या सेवापुस्तकाची चौकशी या वेगळ्या गोष्टी आहेत, हेही ठासून लिहा.

'त्रयस्थ पक्षाची हरकत आहे', कलम ११. ठेकेदाराला विचारणं बरोबर आहे, पण हरकत म्हणजे नकाराधिकार नव्हे. ठरवायचं माहिती अधिकाऱ्याने, आणि या वेळी मुदत ४० दिवस.

६. पहिलं अपील

उत्तर मिळाल्यापासून, किंवा न मिळाल्यास मुदत संपल्यापासून, ३० दिवसांत. जोडपत्र 'ब', २० रुपयांचा स्टॅम्प. ऐकणारा अधिकारी त्याच कार्यालयातला, फक्त वरचा. वकील लागत नाही.

माझी सुनावणी दहा मिनिटं चालली. टेबलावर चहा, एका खुर्चीवर माहिती अधिकारी, त्यांच्यामागे फाइल धरून उभे असलेले कारकून.

"मॅडम, तुम्हाला नक्की हवंय काय?"

"साहेब, अहवाल."

"तो गोपनीय आहे."

"कोणत्या कलमाने?"

साहेबांनी माहिती अधिकाऱ्यांकडे पाहिलं, त्यांनी कारकुनांकडे, आणि कारकुनांनी फाइलकडे. मग साहेबच म्हणाले, "नावं वगैरे काढून देऊन टाका." तेवढं इतिवृत्तात घ्यायला सांगा, तोंडी आश्वासनावर उठू नका.

नकार योग्य होता हे सिद्ध करण्याची जबाबदारी नाकारणाऱ्यावर असते, कलम १९(५). ही ओळ पाठ करून जा. आपण उगाच सिद्ध करायला लागतो की आपण चांगले नागरिक आहोत, आपला कोणत्याही पक्षाशी संबंध नाही. त्याची गरज नसते.

निकाल ३० दिवसांत, लेखी कारण देऊन फार तर ४५.

७. पट्ट्या लागलेला अहवाल हाती आल्यावर

इथे बहुतेक लोक थांबतात. अहवाल मिळाला, जिंकलो. थांबू नका, खरं काम आता सुरू होतं.

आधी, अहवालात काही झाकावं की नाही या वादाबद्दल माझं मत. तलावपाळीच्या कट्ट्यावर आमच्यात यावरून जोरदार भांडण झालं होतं. एक गट म्हणाला, जनतेच्या पैशाने चौकशी झाली, एक अक्षर झाकायचं नाही. शेजारचे काका जन्मभर अव्वल कारकून होते, ते म्हणाले, "नावं छापायला लागलात तर पुढच्या वेळी शिपाईसुद्धा जबाब देणार नाही." काकांचं मला पटलं. काही गोष्टी झाकल्याच पाहिजेत, काही तर कायद्यानेच. लैंगिक अत्याचाराच्या पीडितेची ओळख उघड करणं हा गुन्हा आहे. साक्षीदाराच्या जिवाला धोका असेल तर ८(१)(छ) आहेच. माझी तक्रार पट्टीबद्दल नाही. ज्या कार्यालयाच्या कारभाराची चौकशी झाली, मार्कर त्याच कार्यालयाच्या हातात असतो, तक्रार त्याबद्दल आहे.

मोठ्या प्रकरणांतही हेच दिसतं. केरळमध्ये मल्याळम चित्रपटसृष्टीतल्या स्त्रियांच्या परिस्थितीवर न्या. के. हेमा समितीने डिसेंबर २०१९ मध्ये अहवाल दिला. तो १९ ऑगस्ट २०२४ ला बाहेर आला, साडेचार वर्षांनी, तोही राज्य माहिती आयोगाने आदेश दिल्यावर. पीडितांची ओळख झाकायला कोणाचाच विरोध नव्हता. वाद पेटला तो आयोगाने सांगितलेल्यापेक्षा जास्त परिच्छेद गाळले गेल्याच्या तक्रारीवरून.

आता कृती. वहीत चार रकाने आखा: पान, ओळ, काय झाकलं असावं, दिलेलं कारण. प्रत्येक पट्टीची नोंद करा. माझ्या अहवालात २७ पट्ट्या निघाल्या. मागचंपुढचं वाक्य वाचलं की बरंचसं कळतं. 'सदर कर्मचारी श्री.' नंतर पट्टी असेल तर नाव. 'तपासणीत असे आढळले की' नंतर सहा ओळी काळ्या असतील तर ते नाव नव्हे, तो निष्कर्ष आहे.

मी त्यांची तीन गटांत वाटणी केली. नऊ पट्ट्या जखमी मुलं आणि जबाब देणाऱ्यांच्या नावांवर होत्या, त्या मी मान्य केल्या. अकरा पट्ट्या अधिकाऱ्यांच्या नावांवर आणि पदनामांवर. नाव झाका हवं तर, पण 'कनिष्ठ अभियंता' ही वैयक्तिक माहिती कशी? आणि सात पट्ट्या सबंध परिच्छेदांवर, तांत्रिक भागात. वैयक्तिक माहिती प्लास्टरला नसते.

मग कलम १०(२) काढा. काही भाग वगळून माहिती देताना अधिकाऱ्याने तुम्हाला सूचनापत्र द्यायचं असतं: वगळून देतोय हे, त्याची कारणं, निर्णय घेणाऱ्याचं नाव आणि पदनाम, आणि दाद कुठे मागायची. मला मिळालेल्या प्रतींवर फक्त एक आवरणपत्र होतं: 'सोबत जोडल्याप्रमाणे.' एवढा मुद्दा एकटा पुढच्या अपिलाला पुरतो.

एक कबुली देते. मी पान १७ खिडकीच्या उजेडात धरलं. मार्कर मूळ झेरॉक्सवरच फिरवून तीच प्रत मला दिली होती. शाईच्या खाली टोनरची अक्षरं चकाकत होती, कागद जरा तिरका केला की वाचता येत होती. 'साक्षीदार क्र. ३' पुढचं नाव मी वाचलं. ते अभ्यासिकेच्या वॉचमनचं होतं, ज्याचा मोबाइल नंबर परिशिष्टात उघडाच होता. त्या माणसाला मी रोज बघते. त्याची नोकरी कंत्राटी आहे. मला तेव्हा कारकुनाचा राग आला, आणि लगेच स्वतःचाही, कारण वाचायला मीच कागद धरला होता.

नवी मुंबईतल्या एका ओळखीच्याला पीडीएफ मिळाली. तिच्यात काळे चौकोन नुसते वर ठेवलेले होते. मजकूर निवडून दुसरीकडे चिकटवला की खालचं सगळं उघडं. असं काही तुमच्या हाती लागलं तर ते पुढे पाठवण्याआधी या लेखातली पायरी ७ पुन्हा वाचा, आणि पायरी ९ नक्की.

८. दुसरं अपील

पहिल्या अपिलाच्या निकालापासून, किंवा तो यायला हवा होता त्या तारखेपासून, ९० दिवसांत राज्य माहिती आयोगाकडे. जोडपत्र 'क', पुन्हा २० रुपये. ठाणे जिल्ह्याची अपिलं कोकण खंडपीठाकडे जातात. पहिल्या अपिलाच्या आदेशाच्या तळाला पत्ता असतो.

वाट बघायची तयारी ठेवा. माझी तारीख चौदा महिन्यांनी लागली. तोवर त्या मुलाची दहावी झाली.

अपिलात 'संपूर्ण अहवाल द्यावा' असं लिहू नका. आयुक्तांपुढे दिवसाला ढिगाने प्रकरणं असतात, त्यांना तुमच्या वहीतला तक्ता द्या. 'पान १७, ओळी ६ ते ११: सबंध परिच्छेद वगळला, कलम नमूद नाही, मजकूर तांत्रिक असल्याचे वरच्या वाक्यावरून दिसते.' आणि जिथे पट्टी मान्य आहे तिथे तसं लिहा. मी नऊ पट्ट्या मान्य असल्याचं लिहिलं होतं. आयुक्तांनी ते वाचून मान वर केली आणि माहिती अधिकाऱ्यांना विचारलं, "या उरलेल्या अठरांचं कारण सांगा." सांगता आलं नाही. पदनामं आणि सातही परिच्छेद उघडे करून पंधरा दिवसांत द्यायचा आदेश झाला.

सुनावणीला तीन संच न्या: एक स्वतःचा, एक आयुक्तांना, एक समोरच्याला, कारण समोरचा बहुतेक वेळा फाइलशिवाय येतो. दंड (दिवसाला २५०, जास्तीत जास्त २५,००० रुपये) हा आयोगच करू शकतो. मागणी नोंदवा, पण तेवढ्यावरच भांडत बसलात तर अहवाल बाजूला पडतो.

फाइल प्रत्यक्ष पाहायचा पर्यायही विसरू नका. २०१८ च्या शासकीय परिपत्रकानुसार जिल्हा पातळीवरच्या कार्यालयांत आणि स्थानिक स्वराज्य संस्थांत दर सोमवारी दुपारी ३ ते ५ दस्तऐवज पाहता येतात. कार्यवाहीच्या टिपण्या अशा पाहताना मला ज्या गोष्टी दिसल्या त्या अहवालात नव्हत्याच.

९. अहवाल लोकांपर्यंत नेताना

पान १७ वरच्या त्या सहा ओळींत शेवटी निघालं ते हे: छत गळत असल्याचं पावसाळ्याआधी दोनदा लेखी कळवण्यात आलं होतं. कळवणारा कोण ते साक्षीदार क्र. ३ च्या जबाबात होतं. म्हणजे ज्याने कार्यालयाला आधी सावध केलं, त्याचाच नंबर कार्यालयाने उघडा ठेवला होता.

प्रती वाटण्याआधी मी परिशिष्टातला तो नंबर पांढऱ्या शाईने खोडला. मग स्टेशनजवळच्या झेरॉक्सवाल्याकडे गेले आणि खोडलेल्या पानाची झेरॉक्स काढून घेतली, म्हणजे उजेडात धरून काही दिसायला नको. साक्षीदाराच्या नावाच्या पानाचंही तसंच केलं. झेरॉक्सवाल्याने विचारलं, "मॅडम, मूळ पान पण ठेवू का संचात?" मी मूळ पानं परत घेतली, पिशवीत घातली, आणि बाकीच्या चाळीस संचांचे पैसे दिले.